हरणाच्या मानेवरची दोरी

अख्ख्या उम्म अल कुवैनमध्ये पावलीतलं माझ्याएवढं कुणाला कळत नाही, बाय — म्हणजे बघ, बँकेतल्या लायबाला कळतं, शारजाच्या हम्मादला कळतं, आणि आत्ता दारात तू जी पावली उचलायला वाकलीस ती फरशीला चिकटवलेली आहे हे तुला सोडून सगळ्या गल्लीला कळतं — तर एवढे सगळे सोडले की मग मीच. नाही, हस की, हसायलाच चिकटवलीय ती. पंचवीस फिल्सचं नाणं, पाव दिरहम, म्हणून आपल्या लोकांची पावली. सकाळपासून अकरा जण वाकले. एक पठाण तर दोनदा — एकदा सकाळी, एकदा जेवून आल्यावर. मधल्या वेळात सुटली असेल असं वाटलं त्याला. तू बारावी. तू निदान चप्पल सरळ करतेय असं दाखवलंस, ते मला आवडलं, घराणं दिसलं त्यात.

सुतळी हवी ना, आणि टेप. देतो, देतो. खैरूची खोकी बांधायची आहेत, मला ठाऊक आहे. या गल्लीत कुणी शिंकलं तरी पहिलं या बकाल्यात कळतं — बकाला म्हणजे किराणा दुकान गो, तू आठ दिवसांपूर्वी गावाहून आलीस, तुला इथली भाषा अजून कुठे लागली असेल. खैरुद्दीनची धाकटी तू, उमैमा. ओळखलं म्हणजे काय — नाक बापाचं. आधी नाक दुकानात आलं आणि मग मागून तू आलीस. रागावू नकोस, मी सगळ्यांनाच बोलतो, मी कमरुद्दीन. बापानं घरी नाव घेतलंय का कधी माझं? — घेतलंय. बरं. काय म्हणून घेतलंय ते नको सांगू. बस त्या क्रेटवर. सुतळी मोजायला वेळ लागतो, हाताचं वय झालं. चहा घेतेस? थर्मासात आहे, वेलची घातलेला — नको? तूही नकोच म्हणतेस. बरं. नको तर नको.

आठ मीटर म्हणालीस ना? हं. — काय बघतेस? ह्या कांड्या होय. नाण्यांच्या. बँकेत मिळतात अशा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, एका कांडीत पन्नास पावल्या, साडेबारा दिरहम, म्हणजे आपले तीनशे रुपये झाले. आठवड्याला वीस कांड्या आणतो मी. दुकानाला लागतात किती? तीन. उरलेल्या सतरांचं मी काय करतो हे लायबा आठ वर्षं विचारतेय. लायबा म्हणजे बँकेतली काउंटरवरची, आपल्या मुरुडकडची, पण तिला आपली भाषा येते हे ती कुणाला कळू देत नाही. पहिल्या वर्षी मी तिला सांगितलं, उकळून पितो, गुडघ्याला बरं असतं. तिनं विश्वास ठेवला. तिच्या आईला सांगितलं. त्या बाईनं खरंच उकळून प्यायलं आणि तिचे गुडघे दुखायचे राहिले की गो — आता मी काय करू? आता लायबा मला रांगेत उभं करत नाही, चाचा या म्हणते, आणि कांड्या आधीच काढून ठेवते.

करायचं असं असतं. कांडी फोडायची, ताटात ओतायची आणि हे लोहचुंबक फिरवायचं. हे बघ — चिकटली, चिकटली, चिकटली. ही सगळी आताची. आतून लोखंडाची, वरून फक्त मुलामा. जुनी चिकटत नाही. जुन्याला चुंबकाचं काही पडलेलं नाही, पडून राहतं ताटात, माझ्यासारखं. पन्नासांतली आठ-दहा राहतात. मग साल बघायचं, अरबी आकड्यांत असतं, ते मला येतं — चौथीत शाळा सोडली तरी अरबी आकडे, मल्याळी शिव्या आणि फिलिपिनी गाणी मला सगळं येतं. चौऱ्याऐंशीच्या पुढचं असलं की बाजूला. राहतात दोन, नाहीतर एक, नाहीतर काहीच नाही. त्याच्यावर हे भिंग धरायचं आणि मान बघायची. पावलीवर हरीण असतं ना, उभं? त्याची मान. बाकीचं हरीण बघायचं नाही, वेळ वाया जातो. नुसती मान — मोकळी दिसली की परत. सोमवारी आणलेलं गुरुवारी बँकेत. आठ वर्षांत चार लाख पावल्या या ताटातून गेल्या. मी हिशेब नाही केला, लायबानं केला, आणि केल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन आठवडे दुसऱ्या काउंटरला गेलो.

मिळालं काय म्हणशील? पुष्कळ मिळालं. ओमानची नाणी मिळाली, कुणीतरी इथे खपवलेली. एकदा एका कांडीत शर्टाचं बटण मिळालं — ते मी पंधरा दिवस शर्टाला लावून फिरलो, बँकेनं दिलंय म्हणून सांगत. आणि त्र्याहत्तर सालची मिळाली, सतरा. इथली पहिली नाणी ती. हम्माद येतो शारजाहून, त्याचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे, एकेकाचे दहा दिरहम देतो, म्हणजे दोनशे चाळीस रुपये. तो मला उस्ताद म्हणतो. त्याला वाटतं मी माल दाबून ठेवतोय. चाचा, खरं सांगा, कुठलं साल शोधताय, कुठली चुकलेली छपाई — आणि मी म्हणतो, इन्शाल्ला हबीबी, मिळालं की पहिलं तुलाच. तो बिचारा दर महिन्याला येतो. मी त्याला खजूर खायला घालतो आणि बी मोजून परत घेतो. नाही, उगीच. हसवायला.

छंद आहे गो. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागतं. बास. हे बघ, सुतळी किती झाली — पाच. नाही, चार. बोलण्यात चुकलो. परत मोजतो.

तुझ्या बापाचं सामान किती आहे? दोन खोकी? चाळीस वर्षांची दोन खोकी. हमरिया बंदरात वेल्डिंग केलं त्यानं, अर्धी जहाजं त्याच्या हाताखालून गेली, आणि दोन खोकी. आणि डोळे इथेच ठेवून चाललाय. काल मशिदीत होता, खांबाला हात लावून लावून बाहेर आला. मी सलाम केला. त्यानं आवाजावरून ओळखलं, वालेकुम म्हणाला, कसा आहेस कमरू म्हणाला. मी म्हटलं, चल, चहा घेऊ, उद्या-परवा जाणार तू. तो म्हणाला, आत्ताच झाला. — आत्ताच झाला. बाय, तुला सांगतो, चाळीस वर्षांत त्या माणसाचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. ईदच्या दिवशी गळ्यात पडतो माझ्या. माझी बायको मैमुना वारली तेव्हा तीन रात्री माझ्या खोलीत जमिनीवर झोपला तो. तेव्हाही मी चहा पुढे केला तर — आत्ताच झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड असतं.

तुला त्यानं सांगितलं असेलच. — नाही? नाणं सांगितलं? नाणं सांगितलं आणि ते कुणी घालवलं ते नाही सांगितलं? असा आहे तो. असाच आहे. मला वाटलं तू ठाऊक असूनच आलीस, मी मघापासून तुझ्या तोंडाकडे बघतोय, कधी काढतेस विषय म्हणून. आता काय — आता निघालंच तोंडातून. तू ऐक, आणि मग सुतळी घे आणि जा.

चौऱ्याऐंशी साली आम्ही दोघं पहिल्या सुटीवरून परत येत होतो. तुझी दादी — तू बघितलीच नाहीस तिला — तिनं त्याला इमामजामीन बांधला दंडाला. आपल्यात बांधतातच, हिरव्या चिंधीत सव्वा रुपया शिवून, सुखरूप पोचलास की सोडायचा आणि पैसे गरिबाला द्यायचे. पण तुझी दादी डोक्यानं सगळ्या गावाला भारी. ती म्हणाली, तिकडच्या गरिबाला इकडचा रुपया काय कामाचा? म्हणून खैरूच्याच खिशातला एक दिरहम घेतला आणि एक पावली, सव्वा पुरा केला. पावलीवरचं हरीण बघून म्हणाली, ही बकरी मोकळीच का? खिळा घेतला आणि दोरी काढली तिला. मी उंबऱ्यात उभा, एसटीची घाई, आत कुठलं बघतोय, पण ऐकलं मी, अजून ऐकू येतं — बांधली बघ, आता कुठेही चरू दे, फिरून घराला येईल. मी बाहेरून ओरडलो, चाची, दूधही काढून घ्या जाता जाता. ती इतकी हसली. तिला माझं आवडायचं.

इथे आल्यावर त्यानं दिरहम दिला मशिदीबाहेर एका म्हाताऱ्याला. पावली द्यायला हात निघेना. मी म्हटलं, दे की, दोन्ही द्यायचे असतात. म्हणाला, देतो. देतो, देतो करत राहिला, आणि तीन महिन्यांनी पत्र आलं. पत्राला बावीस दिवस लागले होते, तोवर चाचीच्या कबरीवर गवत आलं असेल. मग ती पावली त्यानं बामच्या डबीत ठेवली, डबी उशीखाली. एका खोलीत आम्ही सहा जण. निजताना डबी उघडायचा, अंगठा फिरवायचा नाण्यावर, मिटायचा. रोज.

आणि मला चैन पडत नसे. आता तू विचारशील का. मलाही कळत नाही का. खोलीत कुणी दुःखात असलं की मला खाज सुटते, काहीतरी करावं, हसवावं. मला वाटलं हसेल. खरंच वाटलं, बाय. शुक्रवार होता, नमाजनंतरची वेळ, तो आंघोळीला गेला आणि मी डबीतली पावली काढली, बघितलीही नाही, तशीच मुठीत धरली, कोपऱ्यावरच्या मलबारी चाचाच्या टपरीवर गेलो, आणि तिचा चहा घेतला. पावलीला एक चहा होता तेव्हा. आणून दिला. तो पीत होता, केस ओले, आणि म्हणाला, आज कमरू खर्च करतोय म्हणजे काहीतरी आहे, कुणाकडून आला चहा? आणि मी म्हटलं — खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं — तुझ्या आईनं पाजला.

हसले सगळे. तोही हसला. त्याला आधी कळलं नाही ना. मग त्यानं डबी उघडली.

त्यानं उरलेला चहा मोरीत ओतला, ग्लास धुतला, साबण लावून धुतला, पालथा ठेवला, आणि टपरीवर गेला. मी मागे. मलबारी चाचा चांगला माणूस, त्यानं अख्खा डबा ओतला आमच्यासमोर. सहा पावल्या होत्या. एकाही हरणाला दोरी नव्हती. म्हणाला, आत्ताच भाजीच्या गाडीवाल्याला सुटे दिले. गाडी कुठे गेली? शारजाकडे म्हणाला, नाहीतर अजमानकडे. बास. तिथून ती बकरी सुटली ती सुटली. मी सोडली.

मग व्हॅट आला, आठ वर्षांपूर्वी. तोवर पावल्यांना कुणी विचारत नव्हतं, लोक गाडीत टाकून ठेवायचे, मुलांना खेळायला द्यायचे. व्हॅट आला आणि प्रत्येक वस्तूच्या मागे पंचवीस फिल्स, पन्नास फिल्स लागले, आणि घराघरांत कोनाड्यात पडलेली नाणी बाहेर पडली, बँकेत गेली, कांड्यांतून परत फिरायला लागली. मी म्हटलं, आता. कधी ना कधी या दुकानात येणार. चाची म्हणाली होती फिरून येईल. — वेड्यासारखं वाटतं ना? मैमुना फोनवर म्हणायची, अहो, एवढी नाणी चाळण्यापेक्षा त्याचे पाय धरा. मी म्हणायचो, पाय धरले तर तो उठवेल मला आणि म्हणेल, आत्ताच झाला.

सात मीटर. एक राहिला.

ऐक. दार जरा लोट, एसी बाहेर जातो. — हे बघ. हात पुढे कर. बघ काय आहे. सापडली. काल संध्याकाळी, अठराव्या कांडीत. बघ मान. बघ, आडवी रेघ, आणि खाली लोंबतोय तो दोरीचा शेवट. सापडली की नाही? आठ वर्षं झाली, पण—

अशी बघू नकोस. बापासारखी बघतेस. तोंड मिटून.

बरं, नाही सापडली. सापडत नसते ती, बाय. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, हम्मादनं एकदा सहज सांगितलं — झिजलेली, खुणा पडलेली नाणी बँका बाजूला काढतात, वितळवायला जातात. त्या दिवशी मी त्याला खजूरही दिला नाही. आणि सोमवारी परत वीस कांड्या आणल्या. न आणून काय करू? संध्याकाळी सहानंतर या दुकानात माझं दुसरं काय आहे?

ही मी केली. नाणं खरं आहे हां, त्र्याऐंशीचं, कांडीतलंच. दोरी माझी. खिळ्यानं काढली, चाचीनं खिळ्यानंच काढली होती. चौतीस पावल्या खराब केल्या आधी. माझी रेघ फार सरळ यायची, तिची तशी नसणार, ती बिचारी कधी पेन्सिल न धरलेली बाई. मग डाव्या हातानं काढली. थरथर आपोआप आली, ती मला हल्ली फुकट मिळते. वाळूनं घासली, तेल चोळलं, चार दिवस खिशात किल्ल्यांबरोबर ठेवली. मी आयुष्यात इतक्या मस्कऱ्या केल्या, पण एवढी मेहनत एकीला नाही घेतली.

तुझ्या बापाला आता दिसत नाही. तो अंगठा फिरवणार. म्हणून खोल काढलीय, बघ, लागते अंगठ्याला. तू काही खोटं बोलू नकोस. मी चिंधी आणून ठेवलीय, हिरवी, आणि वर हा एक दिरहम, सव्वा पुरा. उद्या निघायच्या आधी त्याच्या दंडाला बांध. म्हण, कमरूचाचाच्या दुकानात निघाली बँकेच्या कांडीत. यात खोटं एवढंसंच आहे. आणि तो जरा बसला, जरा गप्प झाला, की मला मिस कॉल दे. मी थर्मास घेऊन खालीच उभा असेन. सकाळी नवा करीन, हा नाही. वेलची घालून. त्यानं एक घोट घेतला तरी खलास, मग मी पुन्हा कधी कांडी फोडणार नाही, लायबाला सांगून टाकीन गुडघे बरे झाले म्हणून. एक घोट गो. तो जाणार, तिकडून परत येणार नाही, मी इथून तिकडे किती दिवसांनी, आणि पोचेपर्यंत दोघांतला कोण — जाऊ दे.

घे ना. सुतळीचे पैसे नको, टेपचेही नको. घे ही. — हां, फिरव अंगठा, फिरव, अगदी बापासारखाच फिरवतेस. जमलीय ना? तूच सांग. तुझ्या बापानं तुम्हा पोरांना हजारदा सांगितलं असेल या बकरीचं, तुला ठाऊक असणार. अशीच होती ना चाचीची दोरी? बोल की. सांग, अशीच होती.

"चाचा, दोरी मानेला नव्हती. अब्बा दर सुटीत पाटीवर काढून दाखवायचे आम्हाला. दादीनं मागच्या पायाला बांधली होती ती. मानेला बांधली तर परदेशात पोराला फास लागेल म्हणाली."